बाराव्या अंकातलं दार

कॅप्टन हिसाएला आंधळं करायचं येलाने काही ठरवलं नव्हतं. पानावरचं बाकी सगळं काढून झालं होतं. जहाजाची शिडं, दोरखंड, कॅप्टनचे वाऱ्यावर उडणारे केस, कोटाची बटणंसुद्धा. राहिले होते फक्त डोळे. ते काही केल्या जमेनात. काढायचे, पांढऱ्या शाईने पुसायचे, पुन्हा काढायचे. चौथ्यांदा कागद खरवडून फाटायला आला, तेव्हा तिने डोळ्यांच्या जागा तशाच कोऱ्या ठेवल्या आणि कॅप्टनच्या तोंडी वाक्य घातलं, ‘आज सकाळपासून मला दिसत नाहीये. खलाशांना सांगू नकोस.’

तेव्हा येला एकोणीस वर्षांची होती. इस्राएलात, बेर शेवाजवळच्या एका तळावर सैन्याची सक्तीची नोकरी करत होती. काम रजेचे अर्ज फायलीत लावण्याचं. दुपारच्या सुट्टीत ती ‘सात कंदिलांचं जहाज’मधली माणसं काढत बसायची. ही जपानी कार्टून मालिका तिच्या लहानपणी मुलांच्या चॅनलवर रोज दुपारी लागायची. खाली हिब्रू अक्षरं धावायची, आणि शाळेतून आलेली मुलं दप्तरं न काढताच टीव्हीसमोर बसायची. मालिका संपली तरी वेड सरलं नाही. ज्यांना राहवत नव्हतं ते आपापल्या मनाने पुढच्या गोष्टी रचून त्यांची कॉमिक काढायचे. झेरॉक्स करायचे, मधोमध दुमडून दोन पिना मारायच्या, की झाला अंक. वर्षातून दोनदा, पुरिमच्या आणि सुक्कोतच्या सणाला, तेल अवीवमध्ये अशा सगळ्या वेड्यांचा मेळावा भरे. तिथे हे अंक या हातातून त्या हातात जात.

मूळ मालिकेतल्या हिसाएला धुक्यापलीकडची बेटं दिसायची. तिची सगळी किमया डोळ्यांतच होती. येलाने नेमके तेच काढून घेतले. पहिल्या मेळाव्यात काही जण तिच्यावर चिडले, पण बहुतेकांनी अंक उभ्या उभ्या वाचून काढला आणि दुसरा कधी येणार म्हणून विचारलं. दुसरा आला, तिसरा आला. दोन हजार पाच सालापर्यंत अकरा अंक झाले होते. तोवर येला सैन्यातून सुटून रामल्याला आईवडिलांकडे परतली होती आणि एका छापखान्यात लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करत होती. आंधळी कॅप्टन आता तिच्या एकटीची उरली नव्हती. हैफाचा कुणी, अश्दोदची कुणी, मेतुलाची शाळकरी मुलगी, सगळे तिला आपापल्या अंकांत काढू लागले होते. इंटरनेटवर त्यांचा एक कट्टा होता. तिथे रोज नवी पानं लागत, आणि प्रत्येक पानावर ते दोन कोरे डोळे असत.

‘तिला दृष्टी परत का देत नाहीस?’ लोक विचारायचे.

‘गोष्टीला तेच बरं पडतं,’ येला उत्तर द्यायची. याहून जास्त तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

आणखी एक गोष्ट होती, ती तर तिने कुणालाच सांगितली नव्हती. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. मधून एक लांब, अरुंद बोळकांडी गेलेली. एका टोकाला न्हाणीघर, दुसऱ्या टोकाला आईवडिलांची खोली. शुक्रवारी संध्याकाळी आई शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाचे, दिवे लावायची, घरातला रेडिओ बंद व्हायचा, आणि मग येलाला बोळकांडीत आवाज ऐकू यायचा. भिंतीवरून काहीतरी घासत येतंय. सावकाश. न थांबता. मग दारापाशी दोनदा, टक टक. ती त्या वेळी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करत राहायची. सैन्यातून परत आल्यावर तिने वरच्या मजल्यावरच्या नळांना दोष देऊन पाहिला. पण नळ काही आठवड्यातून एकाच संध्याकाळी वाजत नाहीत, हे तिलाही कळत होतं.

आवाज कुणाचा, ते तिला पक्कं ठाऊक होतं. मलका-आत्याचा.

मलका ही एफ्राइमची, म्हणजे येलाच्या वडिलांची, थोरली बहीण. ठाण्याला असताना सातव्या वर्षी देवीच्या साथीत तिचे डोळे गेले. आई लवकर वारली, तेव्हा त्या आंधळ्या मुलीनेच धाकट्या एफ्राइमला वाढवलं. एकोणसत्तर साली एफ्राइम बायकोला, नओमीला घेऊन इस्राएलला आला, तेव्हा बहिणीलाही बरोबर घेऊन आला. तिच्याशिवाय येणं त्याच्या मनातही आलं नसतं. ती काठी वापरत नसे. घरात चालताना डाव्या हाताची मागची बाजू भिंतीला लावून चालायची. तळहात लावला की कशावर तरी आपटून बोटं दुखावतात, आणि मग भाकरी कशी थापायची, असं म्हणायची. खोलीत शिरण्याआधी बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करायची. आपण अचानक समोर आलो की माणसं दचकतात, हे तिला कधीतरी कळलं असावं.

येलाच्या अकराही अंकांत कॅप्टन हिसाए काठी घेऊन चालायची. भिंतीला हात लावून चालणारी कॅप्टन येलाने एकदाही काढली नव्हती. मुद्दाम टाळलं म्हणा ना.

म्हणून त्या वर्षी सप्टेंबरात कट्ट्यावर जे पान लागलं, ते तिने खुर्ची पुढे ओढून पुन्हा पुन्हा पाहिलं.

पान टाकणाऱ्याने आपलं नाव फक्त ‘शोमेर’ एवढंच दिलं होतं. शोमेर म्हणजे पहारेकरी. चित्रं कच्ची होती, नवशिक्याची. जहाजाच्या आतली एक लांब बोळकांडी, आणि तिच्यातून चाललेली आंधळी कॅप्टन. चेहरा धड जमला नव्हता, खांदे वाकडे होते. पण डावा हात अगदी बरोबर होता. त्याची मागची बाजू भिंतीला टेकलेली, बोटं किंचित आत वळलेली. खाली कुणाचंही वाक्य नव्हतं. शेवटच्या चौकटीत केबिनचं बंद दार, आणि दारावर दोन लहान शब्द, टक टक.

येलाने शोमेरला निरोप पाठवला. ‘हा हात कुठून सुचला?’ उत्तर आलं नाही. तिने पुन्हा लिहिलं, ‘तुम्ही कोण?’ तरी नाही. आठवड्याने दुसरं पान आलं. दाराच्या आतली केबिन. चार खलाशी बसलेले, चौघांच्या तोंडावर रबरी मुखवटे, डोळ्यांच्या जागी गोल काचा. दाराच्या चारही बाजूंना चिकटपट्टी.

ते पान पाहिल्यानंतर येलाने संगणक बंद केला आणि दोन दिवस उघडलाच नाही. मलका-आत्या जाऊन बारा वर्षं झाली होती. मेलेली माणसं कॉमिक काढत नाहीत, हे काय तिला कळत नव्हतं? पण छापखान्यात काम करताना तिला सारखं वाटे, पाठीमागे कुणीतरी उभं आहे आणि आत यायची परवानगी मागतंय. त्या आठवड्यात दोन पत्रिकांवर तिने नवऱ्यामुलाचं नाव चुकीचं जुळवलं.

कारण ते दार तिला माहीत होतं.

एक्क्याण्णवच्या जानेवारीत इराकची क्षेपणास्त्रं येत होती. त्यांत विषारी वायू असेल अशी धास्ती होती. घराघरांत एक खोली प्लॅस्टिक लावून बंद केलेली असे. भोंगा वाजला की सगळ्यांनी आत जायचं, मास्क चढवायचे, दाराच्या फटींवर चिकटपट्टी मारायची आणि खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबायचा. येला आठ वर्षांची होती, भाऊ लिरॉन तेरा वर्षांचा. त्या शुक्रवारी दिवे नुकतेच लागले होते आणि भोंगा झाला. सगळे धावले. आईने येलाला उचललंच. अबाने, म्हणजे वडिलांनी, दार लोटलं आणि पट्टी मारायला घेतली. आत चौघं होती. मलका-आत्या न्हाणीघरात होती. तिला आणायला दुसरा कुणी गेलाय, असं प्रत्येकाला वाटलं.

आणि मग बोळकांडीतून तो आवाज आला. भिंतीवरून घासत, सावकाश. दारावर टक टक.

खोलीत कुणी हललं नाही. येलाने मास्कच्या काचेतून सगळ्यांकडे पाहिलं होतं. पण मास्क घातलेल्या माणसाचं तोंड कुठे दिसतं? ती समजली की हे आपल्या एकटीलाच ऐकू आलंय. आता आपण सांगायला हवं. पण अबाने आधीच बजावलं होतं, एकदा पट्टी लागली की दार उघडायचं नाही, उघडलं तर सगळे मरतील. आठ वर्षांच्या पोरीने तोंड मिटून घेतलं. धोका टळल्याचा भोंगा व्हायला पाऊण तास लागला. दार उघडलं तेव्हा आत्या बाहेर भिंतीला टेकून खाली बसली होती. तिच्या मास्कचा पुठ्ठ्याचा डबा तिच्या मांडीवर न उघडलेलाच होता. ‘झालं का?’ ती म्हणाली. ‘मुलं घाबरली नाहीत ना?’ तेवढंच. त्यानंतर त्या घरात या गोष्टीचा उच्चार कुणी केला नाही. पेसाखचा सण झाल्यावर आत्याने स्वतःहून यरुशलेमच्या एका वृद्धाश्रमात जायचं ठरवलं, आणि त्र्याण्णवच्या हिवाळ्यात ती तिथेच वारली.

चौदा वर्षं येला हेच धरून बसली होती, की मी ऐकलं आणि बोलले नाही.

ऑक्टोबरात तिच्या टपालपेटीत एक खाकी लिफाफा आला. आत शोमेरचा अख्खा अंक होता, सोळा पानांचा, दोन पिना मारलेला. पत्र नव्हतं. येलाने लिफाफा उलटसुलट करून पाहिला. शिक्का एलातचा होता.

एलातमध्ये तिच्या ओळखीचं माणूस एकच होतं.

लिरॉन सैन्यातून सुटल्यावर सरळ एलातला गेला होता, देशाच्या पार खालच्या टोकाला. तिथे एका हॉटेलात वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करायचा. वर्षातून एकदा पेसाखला घरी यायचा, जेवायचा आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या बसने निघायचा. येलाचे अंक तो वाचतो, हे तिला माहीतही नव्हतं. त्याने कधी पेन्सिल धरल्याचं तिला आठवत नव्हतं. ती तिथेच टपालपेट्यांसमोर उभी राहून अंक वाचत गेली. बोळकांडी, हात, दार, मुखवटे, सगळं होतं. शेवटच्या पानावर एकच मोठी चौकट होती. दाराच्या खालची फट. अलीकडे ओल्या कापडाचा बोळा, तो दाबून धरलेले दोन लहान हात. आणि पलीकडून, फटीतून आत आलेली चार बोटं.

ही बोटं तिला कळेनात. अशी काही गोष्ट तिच्या आठवणीत नव्हती.

तिने छापखान्यातून सुट्टी घेतली आणि एलातची बस धरली. बेर शेवा मागे पडल्यावर घरं विरळ झाली, मग संपलीच. पुढे तीन तास नुसतं वाळवंट. तिने अंक मांडीवर ठेवला होता, पण उघडला नाही.

लिरॉन हॉटेलच्या मागच्या दाराशी भेटला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, हाताला ग्रीसचा वास. तिला पाहून त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. ‘चल,’ म्हणाला, आणि तिला समुद्राकाठच्या एका बाकावर घेऊन गेला. समोर खाडीपलीकडे जॉर्डनमधलं अकाबा उन्हात चमकत होतं. दोघं हिब्रूतच बोलायची, लहानपणापासून.

‘सरळ फोन का नाही केलास?’ येलाने विचारलं.

‘फोनवर काय सांगणार होतो? तू सांगायला सुरुवात केलीस. मला वाटलं, उत्तर त्याच भाषेत द्यावं.’

‘मी काय सांगितलं? मी तर कॅप्टनची गोष्ट लिहितेय.’

‘येला, अकरा अंक तू आत्याला जहाजावर फिरवते आहेस.’

बाकाखालून एक मांजर येऊन लिरॉनच्या बुटाला घासून गेलं.

‘मला वाटायचं मी एकटीनेच ऐकलं,’ शेवटी ती म्हणाली.

‘सगळ्यांनी ऐकलं.’

‘अबानेही?’

‘अबाचा हात थांबला होता. पट्टी अर्धी लागली होती, अर्धी हातात लोंबत होती. मी खाली बसलो होतो, टॉवेल दाबून. मला त्याचे पाय दिसत होते. ते हलले नाहीत. मग पट्टीचा चर्रर आवाज पुन्हा सुरू झाला.’

येलाने अंकाचं शेवटचं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. ‘आणि ही बोटं?’

लिरॉनने पानाकडे पाहिलं नाही. समुद्राकडे पाहत राहिला. ‘टॉवेल माझ्या बाजूने नीट बसत नव्हता. एका कोपऱ्यात फट राहत होती. टकटक झाली, मग थोडा वेळ काहीच नाही. मग मला जाणवलं की टॉवेल पलीकडून कुणीतरी ढकलतंय. आधी वाटलं, आत्या आत यायला बघतेय. म्हणून मी उलटा जोर लावला. जीव खाऊन लावला, कळतंय तुला? तर तिची बोटं आत आली आणि त्या कोपऱ्यात कापड नीट कोंबू लागली. चाचपून चाचपून. जिथे फट होती नेमकी तिथे. तिथलं झालं की दुसऱ्या टोकाला. ती बाहेरून दार बंद करत होती, येला. आपल्यासाठी.’

येलाने अंक मिटून मांडीवर ठेवला.

‘तिला कळलं होतं,’ येला म्हणाली.

‘दारावर हात ठेवल्याबरोबर कळलं असणार. पट्टीचा आवाज काय लपतो? तिच्यापासून तर नाहीच. ती दार उघडा म्हणाली नाही. हाक मारली नाही. मी तिच्या बोटांना धक्का दिला होता, आणि तिने काढून घेतली नाहीत.’ त्याने हात पँटला पुसले. ‘मला आजही ओला टॉवेल हातात धरवत नाही. हॉटेलात काम करतो, बघ.’

त्या संध्याकाळी त्याच्या खोलीवर येलाने बाराव्या अंकाची पहिली पानं काढली. लिरॉन बाजूला बसून सांगत होता, ती काढत होती. मध्ये एकदा भांडण झालं. येलाचं म्हणणं, शेवटी खलाशी दार उघडतात असं दाखवू. अशा अंकांचा उपयोगच तो, मूळ गोष्टीत जे झालं नाही ते करता येतं. लिरॉनने ऐकलं नाही. ‘उघडलं नव्हतं,’ तो म्हणाला. ‘तू उघडलंस तर तिने जे केलं ते कुठे जाईल?’ येलाने ते पान फाडलं आणि दार बंदच ठेवलं.

रामल्याला परतल्यावर तिने महिनाभर खपून अंक पुरा केला. बोळकांडी तिने आपल्याच घराची काढली, फक्त भिंतींना जहाजाच्या फळ्या दिल्या. शुक्रवारचा आवाज थांबला नाही. पण आता ती भांडी वाजवत नव्हती. दाराच्या आत उभी राहून ऐकत होती, आणि त्यावरून हाताची चाल काढत होती.

नमुन्याची पहिली प्रत तिने छापखान्यातून आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून हात धुवायला गेली. परत आली तर अबा टेबलाशी बसून अंक पाहत होता.

एफ्राइम तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होता. विमानतळाच्या देखभाल खात्यात तीस वर्षं काम करून घरी बसलेला. छत्तीस वर्षं या देशात काढून हिब्रू वर्तमानपत्र रोज वाचायचा, पण चित्रांचं पुस्तक हाती आलं की अजून मराठीसारखं डावीकडून उघडायचा. हिब्रू पुस्तकाची सुरुवात उजवीकडून. त्यामुळे त्याच्यासमोर पहिल्यांदा आलं ते शेवटचं पान. दार, ओलं कापड, आणि फटीतून आलेली बोटं.

येला दारात थबकली. तो पानं उलटत मागे मागे येत होता. मुखवट्यांचं पान. टकटकीचं पान. बोळकांडीचं पान आलं तिथे थांबला.

‘बाय उलट्या हाताने चालायची,’ तो मराठीत म्हणाला. आपल्या बहिणीला तो बाय म्हणायचा. ‘हे तुला कुणी सांगितलं गो?’

‘कुणी नाही. मी पाहिलंय,’ येला हिब्रूत म्हणाली.

‘हो. तू होतीस.’ त्याने पुन्हा शेवटचं पान काढलं. ‘ही बोटं कुणाची?’

सांगावं की नाही, याचा तिने फार विचार केला नाही. केला असता तर बोललीच नसती. लिरॉनने बाकावर सांगितलं तसंच तिने सांगितलं. हिब्रूत सुरू केलं. मग मध्येच थांबून मराठीत सांगू लागली, तिच्या मोडक्या मराठीत. काही शब्द तिला आले नाहीत, तिथे तिने हातांनी दाखवलं. नओमी ओट्यापाशी उभी होती. तिने गॅस बंद केला.

एफ्राइम ऐकत होता. ऐकून झाल्यावर चष्मा काढून त्याने टेबलावर ठेवला.

‘म्हणजे तिला माहीत होतं,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘मी समजत होतो, तिला वाटलं असेल आपल्याला ऐकू गेलं नाही. मास्क होते, लढाई म्हणून त्या शुक्रवारी रेडिओही चालू होता. ती कधी काही बोलली नाही, म्हणून मी तसंच धरून चाललो. यरुशलेमला दर पंधरवड्याला जायचो. संत्री सोलून द्यायचो. एकदा तरी म्हणायचं ना तिने.’ त्याचा आवाज चढला नव्हता. ‘दोन मुलं आत होती. मी म्हटलं, दोन मुलं आत आणि बाय बाहेर. एवढाच विचार केला. याच्या पुढचा विचार करायला वेळच नव्हता. मग पुढे चौदा वर्षं होता.’

‘मी पाहिलं होतं तुझं तोंड,’ नओमी म्हणाली. ‘म्हणून कधी विचारलं नाही.’

एफ्राइमने बायकोकडे पाहिलं आणि मान हलवली. जणू हेही त्याला कधीपासून माहीत होतं. मग चष्मा पुन्हा लावून त्याने मुखवट्यांचं पान उघडलं आणि पट्टी लावणाऱ्या खलाशावर बोट ठेवलं.

‘हा मी?’

येलाने होकार दिला.

‘हे चुकलंय. माझ्या तोंडावर मास्क नव्हता. काचेतून पट्टीचं टोक दिसेना, म्हणून मी काढून ठेवला होता. तोंड उघडं होतं माझं. नाहीतर तुझ्या आईला ते दिसलं कसं असतं?’

येलाने आठवून पाहिलं. तिला चारही मास्क आठवत होते. पण आठ वर्षांची ती, कोपऱ्यात आईच्या मांडीवर, धुरकटलेल्या काचेमागे. तिला काय दिसलं असणार?

‘असं ठेवू नकोस,’ अबा म्हणाला. ‘नीट काढ. तोंड काढ माझं.’

‘आत्ता?’

‘मग कधी?’

तिने कागद आणला. तो खिडकीकडे तोंड करून बसला. दाढी वाढली होती, ती करून येऊ का म्हणून त्याने विचारलं. नको, ती म्हणाली. हात कुठे ठेवायचे ते त्याला कळेना. शेवटी त्याने ते दारावर पट्टी दाबल्यासारखे समोर हवेत धरले आणि तसाच राहिला. थोड्या वेळाने हात अवघडले. खाली ठेवा, असं तिने दोनदा सांगितलं, पण त्याने ठेवले नाहीत. नओमी येऊन त्याच्या कोपराखाली उशी सरकवून गेली.

एका बैठकीत जमलं नाही. पहिल्या दिवशी येलाला तोंडाची ठेवण साधली, पण पाहता पाहता तो म्हाताराच निघाला. ती म्हणाली, तेव्हा तुम्ही पंचावन्नचे होता. तो म्हणाला, त्या संध्याकाळनंतर मी असाच दिसत होतो, आरशात बघत होतो ना. दुसऱ्या दिवशी ओठ झाले. तिसऱ्या दिवशी लिरॉन न कळवता एलातहून आला. सहा तासांचा प्रवास करून, पाठीवर एक पिशवी घेऊन. दारातच त्याने बापाला खिडकीपाशी हात पुढे करून बसलेलं पाहिलं. पिशवी खाली ठेवली आणि जवळ जाऊन भिंतीशी जमिनीवर बसला, जसा त्या खोलीत बसला होता तसा. एफ्राइमने मान न हलवता विचारलं, ‘तिचा हात लागला होता का तुला?’

‘बोटांना बोटं लागली होती.’

‘गार होता?’

‘ओला होता. गार नव्हता.’

एफ्राइमने ते ऐकून घेतलं. त्या दिवशी येलाने त्याचे डोळे काढले. ते काढायला तिला दुपार पुरली नाही, म्हणून संध्याकाळी दिवा लावून बसली. तो शुक्रवार नव्हता. तरीही बोळकांडीत एकदा सावकाश घासल्यासारखं झालं. लिरॉनने मान वळवली आणि अबाचे हात पहिल्यांदाच आपणहून खाली आले. नओमी उठली आणि खोलीचं दार, जे अर्धवट लोटलेलं होतं, ते पूर्ण उघडून ठेवून आली.

बारावा अंक पुरिमच्या मेळाव्यात गेला. वाचणाऱ्यांचं एका गोष्टीवर अडलं. केबिनमध्ये तीन मुखवटे आणि मधोमध हा उघड्या तोंडाचा म्हातारा, हातात चिकटपट्टी. मालिकेत असा कुणी नव्हताच. अश्दोदची ती मुलगी, जिने आंधळ्या कॅप्टनवर स्वतः चार अंक काढले होते, ती येलाच्या टेबलापाशी येऊन ते पान उघडून उभी राहिली.

‘हा कोण?’ तिने विचारलं. ‘हा नव्याने चढलाय का जहाजावर?’

‘नाही,’ येला म्हणाली. ‘हा पहिल्यापासून तिथेच होता. मला काढता येत नव्हता.’

मुलीने ते तोंड बराच वेळ पाहिलं. मग तिने अंक मिटला, पिशवीत घातला आणि शोमेरचं नाव काढलं. त्याचे पुढचे अंक कधी येणार, तिला जाणून घ्यायचं होतं. येलाने सांगितलं की तो आता काढत नाही, पण रामल्याला राहायला आलाय, आणि हवं तर तुझा निरोप पोचवीन.